दुनळी बंदुकीच्या नळीवरचे ओरखडे घरी घालवता येतील का?

निफाडच्या मळ्यावरची तुमच्या वडिलांची परवान्याची बारा बोअर दुनळी कपाटाला घासून नळीवर चरे पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. चरा नखाला लागत नसेल, तर घरी जमेल.

आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. नळीचा काळा-निळा रंग म्हणजे पेंट नव्हे, लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर. म्हणून वरून रंग फासू नका. ॲसिटोनने तेल पूर्ण काढा, सगळं यश इथंच ठरतं. बोट लागलं तरी डाग पडतो. मग कोल्ड ब्लूइंगचं, म्हणजे गरम न करता काळा-निळा रंग आणणारं, द्रावण कापसाने फक्त चऱ्यावर लावा, पाण्याने पुसा, कोरडं करा, गरज वाटल्यास पुन्हा. शेवटी तेल. ब्लूइंगच्या द्रावणात बहुधा सेलेनियमचं विषारी संयुग असतं, तेव्हा हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

चरा खोल असेल तर परवानाधारक कारागिराकडेच न्या. पण दुनळी गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवू देऊ नका. नळ्या शिशाच्या डाकाने (सोल्डरने) जोडलेल्या असतील तर तो डाक खाल्ला जातो. रस्ट ब्लूइंगच, म्हणजे मुद्दाम बारीक गंज चढवून तो काळा करण्याची पद्धत, वापरायला सांगा.

बंदुकीवर कोरलेला नंबर आणि ओळखीचे ठसे यांच्या आसपास पॉलिश पेपर अजिबात नको. ते पुसणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे.