बेटा माशाची पिल्ले पोहू लागल्यावर का मरतात?

प्रश्न : माझ्या घरच्या टाकीत बेटा माशाच्या जोडीने दोनदा अंडी घातली. दोन्ही वेळा पिल्ले बाहेर आली, परंतु पोहू लागल्यावर चार-पाच दिवसांत बहुतेक सर्व मेली. मी त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून देत होतो. यात दोष नराचा की पाण्याचा?

उत्तर : तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दोष नराचा वाटत नाही. फेसाचे घरटे बांधणे, मादीने सोडलेली अंडी तोंडात गोळा करून त्यात ठेवणे आणि खाली पडणारी पिल्ले पुन्हा वर नेणे ही सर्व कामे त्याने नीट केली, म्हणूनच पिल्ले पोहण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचली. माझ्या मते ती उपासमारीने मेली असावीत आणि बलकाने पाणी बिघडून त्यात भर पडली असावी.

साधारण २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात अंडी २४ ते ४८ तासांत फुटतात. त्यानंतरचे दोन-तीन दिवस पिल्ले शेपटी खाली करून घरट्याला लटकून राहतात आणि पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीतील अन्नावर जगतात. या काळात त्यांना काहीही घालू नये. ती आडवी होऊन पोहू लागली की ही शिदोरी संपत आलेली असते आणि त्याच दिवसापासून त्यांना बाहेरचे अन्न लागते. बेटाचे पिल्लू हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालते, त्यामुळे बलकाचे निर्जीव कण बहुतांशी तळाशी जाऊन कुजतात. बलक देण्याचा सल्ला पुष्कळजण देतात, पण बेटाच्या बाबतीत मला तो मुळीच मान्य नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी आधी अन्न तयार करा आणि मगच जोडी लावा. जुन्या, निरोगी टाकीतले पाणी बरणीत घेऊन त्यात कोबीच्या पानाचा लहान तुकडा घालावा आणि बरणी उजेडात ठेवावी. पाणी प्रथम गढूळ होते व त्याला वास येतो. काही दिवसांनी ते निवळू लागते आणि भिंगातून पाहिल्यास त्यात बारीक ठिपके हलताना दिसतात. हेच इन्फ्युसोरिया म्हणजे पिल्लांचे पहिले अन्न. याला साधारण आठवडा लागत असल्याने अंडी दिसल्यावर बरणी भरली तर उशीर झालेलाच असतो. दोन-तीन बरण्या एकेका दिवसाच्या अंतराने लावल्यास पुरवठा तुटत नाही. पुढे काही दिवसांनी नुकतीच उबवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोळंबीसारखी बारीक जिवंत पिल्ले, द्यावी. तिची अंडी खारट पाण्यात सुमारे २४ तासांत फुटतात, आणि ती खाल्लेल्या पिल्लाचे पोट नारिंगी दिसते, ही मला सर्वांत खात्रीची खूण वाटते.

मादीला अंडी घालून होताच बाहेर काढावे, नाहीतर घरट्याची राखण करणारा नर तिला जखमी करतो. पिल्ले मोकळी पोहू लागली की नरालाही काढावे. पाणी १० ते १५ सेंटिमीटरच असावे आणि वाहते नसावे. फिल्टर हवाच असेल तर अगदी मंद चालणारा स्पंजचा वापरावा. टाकीवर झाकणही ठेवावे. पिल्लांचा हवेतून श्वास घेण्याचा अवयव, म्हणजे लॅबिरिंथ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागतो आणि तेव्हा पृष्ठभागावरची हवा थंड वा कोरडी असेल, तर इथवर वाचलेली पिल्लेही दगावू शकतात.

प्रश्न : अंडी घातल्यावर दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे दिसले. नराने अंडी खाल्ली असतील का? त्याला बदलावे का?

उत्तर : शक्यता तीच आहे, पण लगेच बदलू नका. पहिल्याच खेपेला नर असे पुष्कळदा करतो. शिवाय फलन न झालेली अंडी तो स्वतःच काढून टाकतो. टाकीजवळची वर्दळ कमी करा, दोघांना आठ-दहा दिवस वेगळे ठेवून डासांच्या अळ्यांसारखे जिवंत खाद्य द्या आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसू लागल्यावर पुन्हा जोडी लावा.