पत्रिकेचे मूळ आणि तिची कसोटी

प्रश्न : मुलीची पत्रिका जुळत नाही म्हणून गुरुजींनी एक स्थळ नको म्हटले. हे शास्त्र वेदांतले आहे आणि अचूक आहे, असे ते म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती, केवळ गुणमेलनापायी चांगले स्थळ सोडू नका. वेदांगज्योतिषात, म्हणजे वेदांना जोडलेल्या ज्योतिषाच्या प्राचीन ग्रंथात, यज्ञकाळ ठरवण्यासाठी सूर्य, चंद्र आणि २७ नक्षत्रांचे गणित आहे. मेष-वृषभादी बारा राशी त्यात नाहीत. त्या ग्रीकांच्या संपर्कातून आल्या, आणि ‘होरा’, ‘केंद्र’ हे पत्रिकेतले नित्याचे शब्दही मूळचे ग्रीकच. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर तर मेषेला ‘क्रिय’ म्हणतो, तो ग्रीक ‘क्रिओस’ (मेंढा) या शब्दावरूनच. अचूकतेचे म्हणाल, तर जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार व बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका, कोणती कोणाची हे न सांगता, ज्योतिषांना ओळखायला दिल्या, तेव्हा २७ जणांची बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के भरली. नाणे उडवूनही निम्मी जुळली असती.