दोन रात्री, पण कुठल्या हॉटेलात? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, लग्नाला २५ वर्षं होतायत म्हणून आम्ही दोघं सप्टेंबरात पॅरिसला जातोय. बाकीचे दिवस साध्या हॉटेलात काढायचे आणि दोन रात्री मात्र एकदम राजेशाही राहायचं असं ठरवून तीन वर्षं पैसे बाजूला टाकलेत. ह्यांना इतिहासाचं वेड, मला झाडं आणि बागा. ह्यांनी रिट्झचा हट्ट धरलाय कारण तेच एक नाव ऐकलेलं, मुलगी रोज नवीन नाव सुचवते आणि मला तर फोटोत सगळीच सारखी दिसतात, तेच झुंबर तेच पडदे. निवडायचं कसं?

उत्तर : आधी दोघांचं मनापासून अभिनंदन! तीन वर्षं साठवलेले पैसे आहेत, तर नीट बघूनच खर्च करूया.

फ्रान्समधे पाच स्टारच्या वरही एक पायरी आहे, तिला 'पॅलेस' म्हणतात. पाच स्टार ही कॅटेगरीच तिकडे २००९ साली आली, त्याआधी चारवरच मोजणी थांबायची. मग २०१० मधे पॅलेस हा वेगळा दर्जा काढला, २०११ च्या पहिल्या यादीत फक्त आठ हॉटेलं होती आणि आजही अख्ख्या देशात तीसच्या आसपासच आहेत. स्टार मोजमापावर मिळतात, म्हणजे खोली केवढी, सोयी कुठल्या वगैरे, आणि पॅलेससाठी जागेचा इतिहास, वास्तू, सेवा हे सगळं बघतात. पण त्यासाठी हॉटेलने स्वतः अर्ज करावा लागतो, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे हॉटेल कमी असं समजू नका.

आता मुद्दा असा की ह्या दर्जाला पोचल्यावर गादी, चादर, बाथरूम सगळीकडेच उत्तम असतं, त्यावरून निवड होतच नाही. निवड करायची ती हॉटेलच्या स्वभावावरून. रिट्झ १८९८ चं, प्लास वांदोम ह्या चौकात, सेझार रिट्झने काढलेलं आणि स्वयंपाकघर सांभाळायला नामवंत शेफ एस्कोफिए, खोलीखोलीत बाथरूम आणि वीज देणाऱ्या युरोपातल्या पहिल्या काही हॉटेलांपैकी एक. फॅशन डिझायनर कोको शनेल तिथे तीसहून जास्त वर्षं राहिली. क्रियोंची इमारत १८ व्या शतकातली, राजा पंधराव्या लुईच्या काळातली, आणि समोर प्लास द ला काँकॉर्ड हा चौक, जिथे पुढे सोळाव्या लुईचं डोकं उडवलं. तुमच्या ह्यांना खिडकीतून हलवावं लागेल! ल मरीस त्युलरी बागेच्या बरोब्बर समोर. ल ब्रिस्टॉल १९२५ चं, आत मोठी बाग आणि वरच्या मजल्यावर जहाजासारखा लाकडी स्विमिंग पूल. लुतेशिया सीन नदीच्या डाव्या काठावरचं, १९१० चं, आणि १९४५ मधे नाझी छळछावण्यांतून जिवंत परत आलेल्या माणसांना पहिल्यांदा ह्याच हॉटेलात आणलं होतं, त्यांच्या शोधात नातेवाईक इथेच फोटो घेऊन यायचे. मी आत गेले तेव्हा हे माहीत होतं, लॉबीत बराच वेळ नुसती बसून राहिले, कॉफी गार झाली तरी लक्षात आलं नाही.

पण तुमचं पत्र वाचताना माझ्या डोक्यात दुसरंच नाव आलं. पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या महालाच्या आवारात ल ग्राँ काँत्रोल नावाचं हॉटेल २०२१ मधे सुरू झालं, इमारत १६८१ ची, खोल्या फक्त चौदा, आणि खाली ऑरेंजरी, म्हणजे राजाची संत्र्यालिंबांची बाग. ती झाडं थंडीत आत ठेवतात पण सप्टेंबरात सगळी बाहेर मांडलेली असतात. दिवसाची गर्दी गेल्यावर गाईडसोबत महाल बघायला मिळतो. इतिहास आणि बाग दोन्ही एका जागी, ह्याहून वेगळं काय हवं. मात्र पॅरिसच्या बहुतेक हॉटेलांपेक्षाही महाग आहे, तेव्हा दोन रात्रींच्या पैशात कदाचित एकच रात्र बसेल. मी तुमच्या जागी असते तर ती एकच घेतली असती, आणि रिट्झमधे एक दुपार सालाँ प्रूस्त ह्या दालनात चहा प्यायला असता म्हणजे ह्यांचंही मन राहिलं.

तरी पॅरिसमधेच दोन रात्री करायच्या असतील तर साध्यातली साधी खोलीही रात्रीला हजार युरोच्या पुढेच धरा, बऱ्याच ठिकाणी तर खूपच पुढे. आणि खोलीचं नाव बघू नका, खिडकी कुठे उघडते ते विचारा. 'कूर' म्हणजे आतलं अंगण, 'रू' म्हणजे रस्ता, 'जार्दँ' म्हणजे बाग. मी एकदा एका मोठ्या नावाच्या हॉटेलात सगळ्यात स्वस्त खोली घेतली, फ्रेंच नीट न वाचता, आणि दोन दिवस समोरच्या भिंतीवरचे पाइप बघितले. त्यापेक्षा थोडं कमी नावाजलेलं हॉटेल आणि तिथली चांगली खोली केव्हाही बरी. अंगणाकडची वाईटच असं नाही हं, अंगणात बाग असेल तर रस्त्यापेक्षा शांत झोप लागते, फक्त आधी विचारून घ्या. ब्रेकफास्ट धरलाय का तेही विचारा, नसेल तर दोघांचा मिळून चांगलाच खड्डा पडतो. शिवाय माणशी रोजचा टुरिस्ट टॅक्स वेगळा, आणि तो पॅलेस हॉटेलांना सगळ्यात जास्त. बाकीचा टॅक्स आणि सर्व्हिस बिलातल्या किमतीत आधीच धरलेली असते, त्यामुळे टिप तुमच्या खुशीवर.

तारखा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या बघा, महिनाअखेरीस फॅशन वीक असतो आणि भाव कुठच्या कुठे जातात. ह्या रात्री ट्रिपच्या शेवटी ठेवा. आणि हे मी कळकळीने सांगते, त्या दिवशी दुसरा काही कार्यक्रम ठेवू नका. सकाळी आठला बाहेर पडून रात्री अकराला झोपायला यायचं असेल तर एवढे पैसे कशाला घालायचे! खोली बहुतेक तीनला मिळते पण सामान सकाळीच ठेवून घेतात, तेव्हा लवकर जा, बागेत बसा, पूल असेल तर उतरा. बुकिंग करताना हॉटेलला सरळ मेल करून लग्नाचा २५ वा वाढदिवस आहे हे लिहा. लाजू नका, कॉन्सिअर्जच्या, म्हणजे पाहुण्यांची कामं करून देणाऱ्या माणसाच्या, कोटावर दोन सोनेरी किल्ल्यांचं चिन्ह दिसलं की समजा माणूस ह्यातला मुरलेला आहे. ह्या किल्लीवाल्या कॉन्सिअर्जची संघटना १९२९ साली पॅरिसमधेच सुरू झाली.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे, तिला फक्त समुद्र बघत बसायचंय. गुडघे दुखतात. नीसचं नेग्रेस्को की बियारित्झचं ओतेल द्यु पाले?

उत्तर : आईला वाळूत पाय टाकायचे असतील तर बियारित्झ, कारण नीसचा किनारा सगळा गोट्यांचा आहे आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्यावर चालणं अवघड जातं. पण नीसला समुद्राच्या कडेने सपाट लांबलचक फरसबंद रस्ता आहे, मधेमधे बसायला खुर्च्या, आणि १९१३ चं नेग्रेस्को त्याच रस्त्यावर, गुलाबी घुमटाचं. १९५७ पासून ते एकाच बाईंच्या ताब्यात होतं, जान ओजिए, त्यांनी आयुष्यभर चित्रं आणि जुन्या वस्तू गोळा करून हॉटेल भरून टाकलं. २०१९ मधे त्या गेल्या. बियारित्झचं पाले तिसऱ्या नेपोलियनने राणी युजेनीसाठी बांधलेल्या महालाच्या जागी आहे, १९०३ मधे आगीत जळालं आणि पुन्हा उभं केलं, आणि ते थेट वाळूच्या किनाऱ्यावरच आहे. पण तो अटलांटिक, उन्हाळ्यातही पाऊस येतो. लाटांचा आवाज ऐकत झोपायचं असेल तर मात्र बियारित्झच. आईंनाच विचारा ना, ऊन हवं की लाटा. मे महिन्यात नीस टाळा, शेजारच्या कान शहरात फिल्म फेस्टिव्हल असतो, खोल्या मिळत नाहीत.

प्रश्न : आम्ही अंडंही खात नाही. एवढ्या महागड्या हॉटेलात उपाशी तर राहणार नाही ना?

उत्तर : नाही राहणार, पण नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचा किंवा माशाचा स्टॉकही (म्हणजे ते उकळून काढलेलं पाणी) नाही, असं एकेक करून दोन आठवडे आधी लिहून कळवा. सूप आणि सॉस तिकडे बहुतेक वेळा स्टॉकवरच बनतात, आणि ब्रिऑश नावाच्या पावात नि बऱ्याच पेस्ट्रीत अंडं असतं, 'बागेत' ह्या साध्या लांब पावात नसतं. आधी कळलं तर शेफ तुमच्यासाठी वेगळं करतात आणि मनापासून करतात, ऐनवेळी टेबलावर बसून सांगितलं तर सॅलड आणि उकडलेल्या भाज्या पुढे येतात.

प्रश्न : पॅरिसच्या नकाशात 'ओतेल द व्हील' आणि 'ओतेल-दिय' दिसतात, सीनच्या जवळ, लोकेशन एकदम भारी. इथे खोली मिळेल का?

उत्तर : नाही हो! पहिलं म्हणजे महापालिकेचं कार्यालय आणि दुसरं हॉस्पिटल. जुन्या फ्रेंचमधे मोठ्या वाड्यालाही ओतेल म्हणायचे, त्यामुळे बऱ्याच इमारतींच्या नावात तो शब्द राहिलाय. लोकेशन आवडलं असेल तर नदीपलीकडे डाव्या काठावर बघा, तिथे छोटी चार स्टारची हॉटेलं बरीच आहेत, काहींत वीस-पंचवीसच खोल्या, आणि लिफ्ट आहे ना तेवढं बुकिंगआधी विचारा.