.२२ च्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर स्कोप बसवायला कोणता माउंट घ्यावा?

तुम्ही विचारलंय की .२२ लाँग रायफलच्या सेमी-ऑटोमॅटिकवर ३-९×४० चा (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा) स्कोप बसवायचा आहे, तर माउंटच्या, म्हणजे स्कोप रायफलला जोडणाऱ्या भागाच्या, रिंगा उंच घ्याव्यात की बुटक्या, पोलादी की ॲल्युमिनियमच्या, आणि एकसंध माउंट घेतला तर नेम जास्त टिकतो का. एका दमात सांगायचं तर: रायफलच्या पाठीवर कुठल्या जातीची रेल (माउंट ज्याला पकडतो ती पट्टी किंवा खाच) आहे ते आधी ओळखा, आणि त्या रेलवर स्कोप बॅरलला न टेकता जितका खाली बसेल तितका खाली बसवणाऱ्या साध्या ॲल्युमिनियमच्या रिंगा घ्या. उरलेल्या पैशांची काडतुसं घ्या, त्यांचा उपयोग जास्त होईल.

पोलादाचा प्रश्न आधी निकालात काढू. माउंटबद्दल जे सल्ले फिरत असतात त्यातले बरेचसे मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलींवरून आलेले असतात. तिथे धक्का एवढा असतो की स्कोप रिंगांमधून पुढे सरकतो. .२२ लाँग रायफल हे १८८७ पासूनचं काडतूस. त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची, आणि ती सेकंदाला साधारण ३३० ते ३८० मीटर वेगाने बाहेर पडते. या धक्क्याला दोन नीट बसलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगा पुरून उरतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये त्रास दुसराच असतो. दर गोळीला बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) मागे आपटतो आणि पुढे आपटतो. हे बारीक हादरे हजारो वेळा बसले की स्क्रू हळूहळू सैल होतात. तेव्हा माउंटच्या वजनापेक्षा तो रेलवर किती घट्ट आणि किती जुळून बसतो हे बघायचं. (स्प्रिंगवाल्या एअर रायफलचं गणित वेगळं आहे. तिचा धक्का दोन्ही दिशांना असतो आणि तिथे रिंगांना मागे अटकाव लागतो. ते सल्ले इथे लावू नका.)

आता रेल. .२२ मध्ये मुख्यतः तीन प्रकार दिसतात. मार्लिन मॉडेल ६० सारख्या रायफलींच्या रिसीव्हरमध्येच (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्यात) दोन बाजूंना लांबट खाचा कोरलेल्या असतात, तो डव्हटेल. रुगर १०/२२, जी १९६४ पासून बनते आहे, तिच्या रिसीव्हरच्या माथ्यावर चार भोकं असतात आणि त्यावर स्क्रूने बेस बसवावा लागतो. तिच्यासोबत येणाऱ्या बेसवर डव्हटेलच्या रिंगाही बसतात आणि वीव्हरच्याही (वीव्हर हा आडव्या खाचांच्या रेलचा एक प्रकार), म्हणून वेगळा बेस विकत घेण्याआधी डबा नीट तपासा. तिसरा प्रकार एआर घडणीच्या (एआर-१५ रायफलीच्या धर्तीच्या) .२२ चा, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनची १५-२२. तिच्या पाठीवर पहिल्यापासूनच पिकाटिनी रेल, म्हणजे ठरावीक मापाच्या आडव्या खाचांची पट्टी, असते.

डव्हटेलमध्ये एक खाचखळगा आहे. अमेरिकी .२२ वर त्याची रुंदी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर असते. युरोपी रायफली आणि एअर रायफलींवर बहुधा ११ मिलिमीटर. पाकिटावर नुसतं ‘डव्हटेल’ लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, आपल्या खाचा व्हर्नियरने मोजा. ११ मिलिमीटरसाठी बनवलेला जबडा साडेनऊच्या रेलवर कधी कधी आवळला जातोही, पण फक्त कडेवर टेकतो. रिकाम्या हाताने हलवून बघाल तर घट्टच वाटेल, आणि काही मॅगझिन संपल्यावर नेम भटकायला लागेल.

वीव्हर आणि पिकाटिनी दिसायला भावंडं, पण आडव्या खाचा वेगळ्या. पिकाटिनीच्या खाचा सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि ठरलेल्या अंतरावर असतात, वीव्हरच्या साडेचारच्या आसपास आणि त्यांच्यामधलं अंतर बनवणाऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर बसतात, उलट मात्र दर वेळी जमत नाही. तुमच्याकडे दोन्हींपैकी कुठली आहे याची खात्री नसेल तर वीव्हरच्या रिंगा घ्या आणि विषय संपवा.

स्कोपच्या नळीचा व्यासही बघा. ३-९×४० बहुतेक एक इंची म्हणजे २५.४ मिलिमीटर नळीवर येतो, काही ३० वर येतात. ३० च्या रिंगेत कागद किंवा टेप घालून एक इंची नळी बसवायच्या फंदात पडू नका.

आणि आता उंची, जिथे खरी निवड आहे. रिंगांवर ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ लिहिलेलं असतं, पण त्याला सर्वमान्य माप नाही. एकाची मीडियम ही दुसऱ्याची लो असते. वर काही कंपन्या उंची रेलपासून नळीच्या तळापर्यंत सांगतात आणि काही नळीच्या मध्यापर्यंत. एक इंची नळीत या दोन मापांमध्ये १२.७ मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे आकडा कुठून कुठे मोजलाय हे न बघता रिंगा मागवू नका.

हिशेब स्वतः करायला पाच मिनिटं लागतात. ४० चा आकडा भिंगाचा आहे, बाहेरचं धातूचं तोंड त्याहून मोठं, साधारण ४६ ते ४८ मिलिमीटर असतं. ते ४८ आहे असं धरा, अर्धे २४. त्यात बॅरलपासून दोन मिलिमीटरची फट मिळवा, झाले २६. आता स्कोपचं पुढचं तोंड जिथे येणार तिथे बॅरलचा माथा रेलच्या माथ्यापेक्षा किती खाली आहे ते मोजा. समजा आठ मिलिमीटर खाली आहे. मग रेलपासून नळीच्या मध्यापर्यंत १८ मिलिमीटर लागतील, आणि नळीच्या तळापर्यंत मोजणाऱ्या कंपनीच्या भाषेत सव्वापाच-साडेपाच. भिंगावर उघडझाप करणारी झाकणं लावायची असतील तर त्यांची जाडी मिळवा. बॅरलवर मागचा लोखंडी साइट उभा असेल तर तो आडवा होतो का बघा. नसेल होत आणि स्कोपला आडवा येत असेल, तर तो काढणं हे रिंगा उंच करण्यापेक्षा केव्हाही बरं.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एक सोय असते. बोल्टचा दांडा वर उचलावा लागत नाही, तो कडेने मागे-पुढे होतो. त्यामुळे स्कोपचा मागचा भाग बोल्टच्या वाटेत येण्याचा प्रश्न बहुधा येत नाही आणि रिंगा खरंच बुटक्या घेता येतात. फक्त रिंगांचे नट डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे उजवीकडून उडणारी रिकामी केस त्यांना अडखळणार नाही, आणि दांडा ओढताना बोटंही घासणार नाहीत.

बुटक्या रिंगांचा एवढा आग्रह का, तर गालामुळे. पारंपरिक लाकडी दस्ता लोखंडी साइटसाठी घडवलेला असतो, म्हणजे गाल टेकला की डोळा बॅरलच्या थोडासाच वर येतो. स्कोप उंच बसवला की गाल उचलावा लागतो, हनुवटी टेकते, मान ताठते आणि दर गोळीला डोळा नव्या जागी जातो. नेम चुकतो आणि खापर स्कोपवर फुटतं. खालून लोखंडी साइटही दिसावा म्हणून बोगदा ठेवलेले ‘सी-थ्रू’ माउंट मिळतात. ते मी कुणालाच सुचवत नाही. दोन्ही साइट दिसतात, पण स्कोपमधून बघताना गालाला आधार मात्र उरत नाही.

उंचीचा परिणाम जवळच्या टार्गेटवरही दिसतो. स्कोपचा मध्य बॅरलच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर वर असेल आणि ५० मीटरवर झिरो केला असेल, म्हणजे नेम धरलेल्या जागीच गोळी लागेल असा जुळवला असेल, तर १० मीटरवर गोळी साधारण सव्वा सेंटिमीटर खाली लागते. तोच स्कोप ५ सेंटिमीटरवर नेला तर दोन सेंटिमीटर खाली. टिनच्या डब्याला फरक पडत नाही, पण कागदावरच्या छोट्या वर्तुळांवर पडतो.

एआर घडणीची .२२ असेल तर मात्र उंचीबद्दल वर सांगितलेलं सगळं उलटं करा. तिचा दस्ता बॅरलच्या सरळ रेषेत मागे जातो, त्यामुळे गाल टेकल्यावर डोळा खूप वर असतो. तिथे रेलपासून नळीच्या मध्यापर्यंत ३८ मिलिमीटरच्या आसपास उंची लागते आणि बुटक्या रिंगा लावल्या तर मान दुमडूनही नीट दिसत नाही. तिथेच एकसंध, पुढे झुकलेला कॅन्टिलिव्हर माउंट कामाचा ठरतो, कारण रिसीव्हर आखूड असतो आणि स्कोप डोळ्यापासून योग्य अंतरावर न्यायला पुढची रिंग आणखी पुढे हवी असते. तुमच्या ‘एकसंध की दोन रिंगा’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. साध्या .२२ वर दोन सुट्या रिंगा पुढे-मागे सरकवायला जास्त मोकळीक देतात, आणि एकसंध माउंटने नेम जास्त टिकतो हे निदान या धक्क्याला तरी मला पटत नाही. दोन्ही रिंगा रिसीव्हरवरच्या एकाच बेसवर हव्यात, एक रिसीव्हरवर आणि एक बॅरलवर नको. १०/२२ ची बॅरल सुटी होणारी टेकडाउन असेल तर हे आणखीच महत्त्वाचं.

२० मिनिटांच्या कोनाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) पुढे उतार असलेला, लांबच्या नेमासाठीचा बेसही तुमच्या नजरेला पडला असेल. ५० मीटरवर झिरो केलेली .२२ ची गोळी १०० मीटरवर काडतुसाच्या वेगाप्रमाणे १५ ते २५ सेंटिमीटर खाली जाते, आणि त्यापुढे तर ती अक्षरशः कोसळते. १५०-२०० मीटरवर खेळायचं असेल तर तो उतार घ्या, नाहीतर सपाट बेस पुरे. झटपट निघणारे कळीचे माउंटही स्कोप वारंवार काढणाऱ्यांसाठीच.

बसवताना आधी मॅगझिन काढा, बोल्ट ओढून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा. बेसचे स्क्रू आणि भोकं तेलमुक्त करा. बेसच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) थेंबभर लावा, रिंगांच्या वरच्या स्क्रूंना लावू नका. १०/२२ चा रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आहे, त्यात आटे सहज जातात, म्हणून मनगटाच्या जोरावर आवळू नका. माउंटच्या कागदावर आकडा दिलेला असतो. रिंगांच्या टोप्यांसाठी तो बहुधा १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर असतो. टोप्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. त्याआधी स्कोप ९ पटीवर ठेवा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. चित्राच्या कडेला काळी सावली दिसली तर स्कोप पुढे-मागे सरकवा. डोळा आणि भिंग यांत बहुधा साडेसात ते नऊ सेंटिमीटर अंतर येतं. उभी रेघ सरळ आहे का हे बघायला समोर ओळंबा टांगा, त्याहून भरवशाचं साधन नाही.

तुमच्या स्कोपबद्दल एक शंका आहे. तो खास रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या काडतुसांसाठी, नसेल तर त्याचा पॅरलॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकल्यासारखी दिसणं) बहुधा १०० यार्डांवर जुळवलेला असेल, .२२ चे स्कोप ५० च्या आसपास जुळवतात. जवळच्या टार्गेटवर डोळा हलला की क्रॉसहेअरही सरकताना दिसेल. तो माउंटचा दोष नाही आणि माउंट बदलून जाणारही नाही, डोळा मध्यावर धरला की पुरतं.

पहिली शंभरेक काडतुसं झाली की सगळे स्क्रू पुन्हा तपासा. आणि पुढे कधी नेम भटकू लागला तर स्कोपच्या खुंट्या फिरवण्याआधी बेसचे स्क्रू बघा. ते स्कोपखाली लपलेले असतात, म्हणून तपासायचे राहतात आणि तिथेच सैल होतात.