15व्या शतकातल्या इटालियन चिलखताची लढण्याजोगी प्रतिकृती करायची आहे. सुरुवात कुठून करू?

आतल्या कपड्यापासून. लोक आधी छातीचा पत्रा मागवतात आणि मग तो खांद्याला काचतो म्हणून रडतात. मिलानच्या धाटणीचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण 20 ते 25 किलो भरतं. त्यातला बराच भार कंबरेने पेलायचा असतो. म्हणून आतली बंडी कंबरेत घट्ट हवी, पण हात डोक्यावर नेला तरी वर सरकता कामा नये. दंडाचे आणि पायांचे पत्रे हिलाच मेण लावलेल्या दोऱ्यांनी बांधतात. काखेत आणि कोपराच्या खोबणीत पत्रा पोचत नाही, तिथे कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवतात.

बंडी गादीसारखी फुगवू नका. त्या काळच्या एका इंग्रजी हस्तलिखितात लिनन-सुती जाड कापडाची बंडी सांगितली आहे, अस्तर भोकं पाडलेल्या साटीनचं. पॉलिएस्टर तर नकोच, उकडून निघाल.

लोहाराला मापं द्याल ती ही बंडी घालूनच. पैसे कमी पडले तर पायांचे पत्रे पुढच्या वर्षी करा. शिरस्त्राण आणि हातमोज्यांत मात्र काटकसर नको, बोथट तलवारीनेही बोटं मोडतात.