सड्यावर नसलेली टेकडी

प्रश्न: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील सुर्ला पठाराचा कंटूर नकाशा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) आमचे मंडळ करत आहे. उपग्रहाची फुकट मिळणारी उंची वापरली. उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ सपाटीवर, ती जुळते, रानात मात्र जागेवर नसलेल्या टेकड्या उमटतात. मोबाईलच्या बॅरोमीटरवर एकाच दगडाची उंचीही सकाळ-संध्याकाळ बदलते. चुकते कुठे? (एक वाचक, वाळपई)

उत्तर: त्या टेकड्या म्हणजे झाडेच. ही माहिती बहुधा एसआरटीएमची, म्हणजे फेब्रुवारी 2000 मधल्या रडार मोजणीची असावी. त्या लहरी दाट झाडोऱ्यातून जमिनीपर्यंत नीट पोचत नाहीत, त्यामुळे रान लागले की 'जमीन' कित्येक मीटर वर उचलली जाते. उतारावर हे लपते, सपाट सड्यावर डोळ्यांत खुपते. रानाची कड वळते तशीच कंटूर रेषा वळत असेल, तर ती खुशाल पुसा. आधाराला भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा घ्या. त्यावरही कंटूर दर 20 मीटर उंचीला एक, त्यामुळे सात-आठ मीटरांची घळ त्यात दिसणार नाही. ती चालूनच मोजावी लागते.

मोबाईल बिघडलेला नाही. त्याचा बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो, दाब वाढला की आकडा उतरतो. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. फरक तीनेक मिलिबारचा, आणि एक मिलिबार म्हणजे जवळजवळ नऊ मीटर. हिशेब तुम्हीच करा! उपाय जुना आहे. नकाशावर उंची छापलेला एक बिंदू तळ धरा, तिथे आकडा जुळवून निघा, प्रत्येक नोंदीशी वेळ लिहा आणि दोन तासांत तळावर परत या. आठला 800 होते आणि दहाला 792 दिसले, तर नऊच्या नोंदीत 4 मिळवा. पावसाळी वारे असताना हा खटाटोप नको, डिसेंबर ते मार्च बरा.

जीपीएसची उंची यात मिसळू नका. काही ॲप ती समुद्रसपाटीवरून न देता पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून देतात. गोव्यात ती सत्तरहून अधिक मीटर कमी भरते. मिरामारच्या वाळूत उणे आकडा दिसला, तर कारण हेच. जागेसाठी जीपीएस चालेल, पण नोंद उघड्यावर घ्या आणि तिथून होकायंत्र व टेप घेऊन रानात शिरा.

शेवटी व्हाळ, म्हणजे ओढे, तपासा. व्हाळ ओलांडताना कंटूरचे टोक पाण्याच्या उगमाकडे वळायला हवे. उलटे वळले, तर घळीच्या जागी सोंड, म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार, काढली गेली आहे. जांभ्याच्या उभ्या कड्यावर सगळ्या रेषा कोंबू नका, तिथे कड्याची खूण काढा. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याची परवानगी आधीच घ्या, ड्रोन उडवणार असाल तर त्याचीही.