शिअर शून्य नाही, तरी आधारावर मोमेंट एवढा कसा?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांचीही सोय होईल. बीम एकूण ८ मीटर. अ आणि ब हे दोन साधे आधार, मध्ये ६ मीटर अंतर. ब-च्या पुढे २ मीटर बीम मोकळा बाहेर आलेला, त्याचं टोक क. अ ते ब सारखा पसरलेला भार, मीटरला १० किलोन्यूटन. क टोकावर १५ किलोन्यूटनचा एकच भार. बीमचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. तुमची अडचण अशी की 'शिअर शून्य तिथे मोमेंट जास्तीत जास्त' हे पाठ आहे (शिअर म्हणजे बीमच्या एका भागाला दुसऱ्यापासून वर-खाली सरकू न देणारं आतलं बळ, मोमेंट म्हणजे त्याला फिरू न देणारा आतला जोर), पण ब आधारावर शिअर शून्य दिसत नाही आणि मोमेंट मात्र ३० येतो. कॅन्टिलिव्हरमध्ये, म्हणजे एकच टोक भिंतीत घट्ट बसवलेल्या बीममध्ये, तर भिंतीपाशी दोन्ही एकदमच मोठे. मग चूक नियमात की गणितात?

कशातच नाही. फक्त तो नियम कुठून आला हे बघायला हवं, आणि त्यासाठी शिअर-मोमेंटच्या आकृत्या थोडा वेळ बाजूला ठेवून बीम कापायला हवा.

आधी रिअॅक्शन, म्हणजे आधार बीमला देतात ती बळं. अ-भोवती मोमेंट (बळ गुणिले अंतर) घ्या. पसरलेला भार एकूण ६०, त्याचं अंतर ३ मीटर, म्हणजे १८०. टोकाचा भार १५ गुणिले ८, म्हणजे १२०. बेरीज ३००, भागिले ६, म्हणून ब-ची रिअॅक्शन ५० किलोन्यूटन. एकूण भार ७५, तेव्हा अ-ला उरले २५. इथपर्यंत तुमचंही हेच आहे.

आता अ-पासून ४ मीटरवर बीम उभा कापला असं समजा आणि फक्त डावा तुकडा हातात घ्या. त्याच्यावर काय काय आहे? अ-पाशी वर ढकलणारे २५, आणि ४ मीटर लांबीवरचा भार खाली ४०. म्हणजे तुकडा १५ किलोन्यूटनने खाली जाऊ पाहतोय. पण प्रत्यक्षात तो जागचा हलत नाही. कारण कापलेल्या तोंडावर उजवा भाग त्याला १५ ने वर धरून ठेवतोय. हे धरून ठेवणं म्हणजे त्या छेदावरचा शिअर. तेवढ्याने काम भागत नाही, कारण तुकडा फिरेलही. छेदाभोवती हिशोब करा: २५ गुणिले ४ म्हणजे १००, वजा ४० गुणिले २ म्हणजे ८०. उरले २० किलोन्यूटन-मीटर. हे फिरणं रोखणारी जी जोडी छेदावर तयार होते, तो बेंडिंग मोमेंट.

जोडी म्हणतोय ते मुद्दाम. मोमेंट म्हणजे छेदावर लावलेला कुठलातरी एक बाण नव्हे. छेदाच्या वरच्या भागात दाब आणि खालच्या भागात ताण असतो, दोन्ही आकाराने सारखे, दिशेने उलट. समजा या दाबाचा आणि ताणाचा मध्य एकमेकांपासून ०.४ मीटरवर आहे, तर २० किलोन्यूटन-मीटरसाठी वर ५० किलोन्यूटन दाब आणि खाली ५० किलोन्यूटन ताण लागेल. बीम जाड केला की हे अंतर वाढतं आणि तोच मोमेंट कमी बळात पेलला जातो. जाड फोमचा एक तुकडा घ्या, त्याच्या बाजूवर पेनने उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा. रेघा साधारण सरळच राहतात, फक्त कलतात. वरच्या बाजूला एकमेकींजवळ येतात, खाली फाकतात, आणि मध्ये कुठेतरी अंतर जसंच्या तसं राहतं. बेंडिंगची सगळी थिअरी या रेघांच्या कलण्यावर उभी आहे.

खात्री म्हणून उजवा तुकडाही बघा. बहुतेक मुलं हे करत नाहीत, आणि परीक्षेत स्वतःची चूक पकडायचा हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. उजवीकडे भाराचे उरलेले २० छेदापासून १ मीटरवर, ब-ची ५० ची रिअॅक्शन २ मीटरवर, टोकाचे १५ हे ४ मीटरवर. १०० वजा २० वजा ६०, परत २०. शिअर: ५० वजा २० वजा १५, म्हणजे १५. जुळलं.

छेद सरकवत न्या आणि प्रत्येक ठिकाणचे हे दोन आकडे लिहीत जा, झाल्या दोन्ही आकृत्या तयार.

चिन्हांचं एकदा ठरवून टाकू: डाव्या तुकड्यावर बाहेरून येणारं बळ एकूण वर असेल तर शिअर धन, आणि बीम खाली झोळ घेत वाकला म्हणजे सॅगिंग असेल तर मोमेंट धन. काही पुस्तकांत उलट आहे, काही ठिकाणी मोमेंटची आकृती नेहमी ताणाच्या बाजूला काढतात. कुठलीही पद्धत घ्या, फक्त गणिताच्या मध्यावर बदलू नका.

आता तुमचा नियम. छेद थोडासा, समजा १ सेंटिमीटर, उजवीकडे सरकवला तर मोमेंट किती बदलेल? डाव्या बाजूच्या सगळ्या बळांचं अंतर १ सेंटिमीटरने वाढलं. म्हणजे त्या बळांची बेरीज गुणिले १ सेंटिमीटर एवढा मोमेंट वाढला. आणि त्या बळांची बेरीज म्हणजेच शिअर! (सरकलेल्या तुकड्यावरचा भारही असतो, पण अंतर जसं लहान करत न्याल तसा त्याचा वाटा नगण्य होतो.) म्हणून मोमेंटच्या आलेखाचा चढ म्हणजे शिअर. शिअर धन असेल तोवर मोमेंट चढतो, ऋण झाला की उतरतो. नियम एवढाच आहे. 'शून्य' हा शब्द त्यात नंतर घुसला.

तुमच्या बीमवर लावून बघू. अ-पाशी शिअर २५. मीटरला १० ने घटत २.५ मीटरवर शून्य. तिथे मोमेंट २५ गुणिले २.५ वजा ५ गुणिले ६.२५, म्हणजे ३१.२५. पुढे शिअर ऋण, मोमेंट उतरणीला लागला. ब-च्या अगदी डावीकडे शिअर उणे ३५. मग ५० ची रिअॅक्शन आली आणि ब-च्या अगदी उजवीकडे तो अधिक १५ झाला. म्हणजे ब-वर शिअर शून्यावर थांबला नाही, पण शून्य ओलांडून गेला. उणेचा अधिक झाला, उतरण संपून चढण सुरू झाली, तेव्हा ब-पाशी मोमेंटच्या आलेखाला टोकदार तळ मिळणारच: उणे ३०. म्हणून नियम असा लक्षात ठेवा: शिअर जिथे चिन्ह बदलतो तिथे बघा. हळूहळू शून्य होऊन बदलला तर आलेख गोलाईने वळतो, उडी मारून बदलला तर टोक येतं.

क्षेत्रफळानेही ताळा लागतो. शिअरच्या आकृतीतला पहिला त्रिकोण अर्धा गुणिले २५ गुणिले २.५, म्हणजे ३१.२५. दुसरा अर्धा गुणिले ३५ गुणिले ३.५, म्हणजे ६१.२५, हा ऋण. वजाबाकी उणे ३०. मग १५ गुणिले २ चा आयत, अधिक ३०, आणि मोकळ्या टोकाला शून्य. मोकळ्या टोकाला, जिथे बाहेरून कुणी मोमेंट लावलेला नाही, शून्य आलं नाही तर पुढे एक ओळही लिहू नका.

कॅन्टिलिव्हरचं उत्तरही यातच आहे. २ मीटरचा कॅन्टिलिव्हर, टोकावर १५: शिअर सगळीकडे १५, भिंतीपाशी मोमेंट ३०. चिन्ह बदलायला मध्ये जागाच नाही. घाट चढता चढता रस्ताच संपला तर सगळ्यात उंच जागा ती शेवटचीच, तिथे सपाटी शोधून मिळणार नाही. म्हणून चिन्ह बदलण्याच्या जागांबरोबर बीमची दोन्ही टोकंही तपासायची. आणि जिथे बाहेरून एखादा कपल (नुसतं फिरवणारी बळांची जोडी) लावलेला असेल ती जागाही, कारण तिथे शिअर जराही हलत नाही पण मोमेंट सरळ उडी मारतो.

तुम्ही दिलेल्या पायऱ्यांमध्ये मला एक गोष्ट खटकली. २.५ मीटरवरचा मोमेंट तुम्ही एका ठिकाणी ६२.५ काढलाय. पूर्ण ६० चा भार ३ मीटरवर एकवटला असं आधीच धरलंत, म्हणून २.५ च्या छेदाच्या डावीकडे भारच उरला नाही. पसरलेला भार एका बिंदूवर आणायचा तो कापल्यानंतर, आणि फक्त त्या तुकड्यावर जेवढा आहे तेवढाच. रिअॅक्शन काढताना अख्खा बीम हाच तुकडा असतो म्हणून तिथे चालून जातं. ही चूक अगदी नेहमीची आहे.

आता जरा पुढचं, कारण या बीमची गंमत खरी इथे आहे. पसरलेला भार आणि टोकाचा भार दोन्ही असताना मोमेंट ५ मीटरवर शून्य होतो (२५ गुणिले ५ बरोबर ५ गुणिले २५). हा कॉन्ट्राफ्लेक्शरचा बिंदू. त्याच्या डावीकडे ताण खाली, उजवीकडे ताण वर. काँक्रीटचा बीम असेल तर मुख्य सळया तिथवर खाली आणि तिथून पुढे वर हव्यात, असं वाटतं. पण टोकावरचा भार उचलून नेला तर? मग अ ते ब हा साधा ६ मीटरचा बीम झाला: मोमेंट १० गुणिले ३६ भागिले ८, म्हणजे ४५, तोही ३ मीटरवर. ३१.२५ वर डिझाइन केलेला बीम भार कमी केल्यावर अडचणीत येतो! टोकाचा भार मधल्या भागाला मदत करत होता. आणि उलट, पसरलेला भार काढला आणि टोकाचाच ठेवला तर अ-ची रिअॅक्शन उणे ५ येते. म्हणजे बीम अ-वरून उचलला जातोय, त्याला तिथे खाली धरून ठेवावं लागेल. अ ते क सगळीकडे हॉगिंग (सॅगिंगच्या उलट, ताण वरच्या बाजूला), ५ मीटरचा तो बिंदू गायब, आणि वरच्या सळया थेट अ-पर्यंत न्यायला लागतात. म्हणून भार कायमचा कुठला आणि ये-जा करणारा कुठला हे विचारल्याशिवाय एका आकृतीवर सळया तोडणाऱ्याला मी कामावर ठेवणार नाही.

कॅन्टिलिव्हर स्लॅबमध्ये हेच जास्त जिवावर बेततं. मुख्य सळया वर असायला हव्यात. काँक्रीट ओतताना लोक त्यांच्यावरून चालतात, सळया दबून खाली जातात, वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आकृतीत मोमेंट बरोबर काढलेला असतो, पण ताण घ्यायला त्या जागी लोखंडच नसतं.

शिअर कुठे दिसतो असंही विचारलं होतंत. आयताकृती छेदात बेंडिंगचा ताण किंवा दाब वरच्या आणि खालच्या कडेला जास्तीत जास्त असतो, मध्यावर शून्य. शिअरचं बरोबर उलट: कडांना शून्य, मध्यावर सरासरीच्या दीडपट. बीमला आलेल्या भेगा बघूनही कळतं. साध्या बीमच्या मध्यभागी खालून वर जाणाऱ्या उभ्या भेगा बेंडिंगच्या, आधाराजवळच्या तिरक्या भेगा शिअरच्या. मुख्य सळयांभोवतीच्या रिंगा आधाराजवळ दाट आणि मध्यात विरळ बांधतात त्या याचसाठी. या दोघांत तिरक्या भेगांना मी जास्त घाबरतो, कारण बेंडिंगने जाणारा बीम बहुधा आधी वाकून सूचना देतो, शिअरने जाणारा अचानक जातो.

आधारांमधल्या अंतराचा परिणामही शिअर आणि मोमेंटवर वेगवेगळा. तोच मीटरमागचा भार ठेवून साध्या बीमचं अंतर दुप्पट केलं तर शिअर दुप्पट, मोमेंट चौपट. म्हणून लांब बीम बेंडिंगवर ठरतात, आखूड आणि जड भाराचे शिअरवर. फळी आडवी न ठेवता उभी का ठेवायची तेही इथेच कळतं: छेदाची ताकद रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, भागिले ६. ५० बाय २०० मिलिमीटरची फळी उभी ठेवली तर आडवीपेक्षा चौपट मोमेंट घेते. १६३८ साली गॅलिलिओने कॅन्टिलिव्हरवर लिहिलं तेव्हा रुंदी आणि उंचीच्या वर्गाचं हे प्रमाण त्याला बरोबर सापडलं होतं. फक्त सगळा छेद सारख्या ताणात आहे आणि खालच्या कडेभोवती फिरतो असं त्याने धरलं, त्यामुळे ६ च्या जागी २ आला आणि ताकद तिप्पट निघाली.

सरावासाठी हाच बीम घ्या, पसरलेला भार तसाच ठेवा आणि टोकावरचा भार किती असला तर मधला सॅगिंग मोमेंट आणि ब-वरचा हॉगिंग मोमेंट सारखे येतील ते काढा. वर्गसमीकरण सुटेल, दोन उत्तरं येतील, त्यातलं एक अवाच्या सवा मोठं असेल ते सोडून द्या. १५.४४ किलोन्यूटनच्या आसपास आलं तर बरोबर. नाही आलं तर पायऱ्या इथे टाका, बघतो.